चारिकेचा एक दिवस : सोपारा ते कान्हेरीच्या वाटेवरील काही विचार

पालि वाङ्मयात भगवान बुद्धांच्या आणि भिक्खुसंघाच्या पायी भ्रमणाला ‘चारिका’ म्हणतात. संबोधिप्राप्तीनंतर तथागत उरुवेलेहून इसिपतनाला चालत गेले. पुढे साठ अर्हत तयार झाल्यावर, दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे सांगून त्यांना बहुजनांच्या हितासाठी निरनिराळ्या दिशांना पाठविण्यात आले. धम्माच्या प्रसाराचा इतिहास असा वाटेवरच सुरू होतो. महापरिनिब्बान सुत्तात जन्म, संबोधी, धम्मचक्रप्रवर्तन आणि परिनिब्बान यांची चार स्थळे श्रद्धावंताने पाहण्यायोग्य म्हणून सांगितली आहेत, आणि त्यासाठी होणाऱ्या भ्रमणाला ‘चेतियचारिका’ हे नाव आले आहे. भिक्खूचे नित्याचे भ्रमण आणि उपासकाची तीर्थयात्रा या दोहोंना एकच शब्द असावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

आजच्या तीर्थयात्रेचा विचार मात्र बहुधा अंतराच्या अंगाने होतो. किती किलोमीटर झाले, किती दिवस लागले, पायांना किती फोड आले, हे प्रश्न आधी विचारले जातात. चारिकेतील एक दिवस कसा असावा, त्यात किती चालावे, कोठे थांबावे आणि तो कोठे संपावा, याविषयी त्रिपिटक, अट्ठकथा आणि आपल्या मुंबईच्या उपनगरांतील लेणी काय सांगतात, ते प्रस्तुत लेखात आम्ही पाहणार आहोत.

योजनाचे माप

प्राचीन वाटचालीचे माप योजन. ‘युज्’ म्हणजे जुंपणे या धातूपासून हा शब्द आला. बैलांची जोडी एकदा जुंपल्यावर सोडण्यापूर्वी जेवढे अंतर जाईल तेवढे योजन, अशी त्यामागील कल्पना आहे. चार गावुतांचे एक योजन होते. त्याच्या नेमक्या लांबीविषयी विद्वानांत मतभेद असले तरी १२ ते १३ किलोमीटर हे मान सामान्यतः व्यवहार्य मानले जाते.

अट्ठकथाकारांनी तथागतांच्या चारिकेचे दोन प्रकार सांगितले आहेत. दूर असलेल्या एखाद्या व्यक्तीला धम्मबोध व्हावा म्हणून त्वरेने केलेले गमन ही ‘तुरितचारिका’. महाकस्सपांना सामोरे जाण्यासाठी तथागत तीन गावुते चालत गेले, ते या प्रकारचे उदाहरण. दुसरी ‘अतुरितचारिका’. तीत गावे आणि निगम यांच्या क्रमाने, दिवसाला एक योजन किंवा अर्धे योजन चालत, पिंडपात आणि उपदेश यांच्याद्वारे लोकांवर अनुग्रह करीत जावयाचे असते. धडधाकट माणूस बारा किलोमीटर तीन तासांत चालू शकतो. तरीही दिवसाला एक योजन हे मान का, या प्रश्नाचे उत्तर त्या वर्णनातच आहे. उरलेला दिवस लोकांसाठी होता. वाट गावांना जोडून आखलेली होती आणि चालण्याची गती गावांच्या भेटीवर ठरत होती.

सोपाऱ्याचा वाटसरू

या मापाचे उत्तम उदाहरण आपल्या भूमीतलेच आहे. उदानातील बाहिय दारुचीरिय हा सुप्पारक येथे, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, समुद्रकाठी राहत होता. लोकांचा मान, वस्त्रे आणि अन्न त्याला विपुल मिळत असे, आणि आपण अर्हत आहोत असे त्याला वाटू लागले होते. हा भ्रम दूर होताच तो सावत्थीला निघाला. सोपारा ते सावत्थी हे अंतर अट्ठकथेने १२० योजने दिले आहे. योजन बारा किलोमीटरचे धरल्यास ते १,४४० किलोमीटर होते. नकाशावर सरळ रेषेने मोजल्यास हेच अंतर सुमारे १,३०० किलोमीटर भरते. वळणावळणाच्या वाटेचा विचार केला तर अट्ठकथेचा आकडा केवळ कल्पनेचा नाही, हे लक्षात येते.

मूळ सुत्तात बाहियाच्या प्रवासाचे वर्णन ‘एकरत्तिपरिवास’ या शब्दाने केले आहे. वाटेत प्रत्येक ठिकाणी एकच रात्र मुक्काम करीत तो गेला, असा त्याचा सरळ अर्थ होतो. धम्मपद-अट्ठकथेत मात्र हीच वाट त्याने एका रात्रीत पार केल्याची अद्भुत कथा आली आहे. श्रद्धेच्या दृष्टीने तिचे आकर्षण आम्ही समजू शकतो. परंतु ती स्वीकारताच वाटेवरचे सर्व मुक्काम पुसले जातात. मूळ वचनात प्रत्येक रात्री कोणा तरी अनोळखी गावाने त्या वल्कलधारी माणसाला आसरा आणि पाणी दिले आहे. दिवसाला एक योजन या हिशेबाने ते चार महिने होतात, आणि त्या प्रत्येक दिवसाचे श्रेय वाटसरूइतकेच त्या गावांनाही जाते.

बाहियाला तथागत भेटले तेही चालतानाच. ते सावत्थीत पिंडपातासाठी निघाले होते. ही वेळ योग्य नव्हे, असे दोनदा सांगितल्यावर तिसऱ्या विनंतीला त्यांनी भर रस्त्यात उपदेश केला. पाहिलेल्यात केवळ पाहिलेलेच असावे, ऐकलेल्यात केवळ ऐकलेलेच, असा त्याचा आशय होता. मनाने त्यात काही मिसळू नये. चार महिने चाललेल्या माणसाला दिलेला हा उपदेश चालणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडणारा आहे.

धम्मयात्रेची व्याख्या

योगायोगाने तीर्थयात्रेची एक जुनी व्याख्याही सोपाऱ्यातच दगडावर कोरलेली सापडली. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी त्यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तो आज मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या आठव्या लेखाचा विषयच यात्रा हा आहे. पूर्वीचे राजे शिकार आणि करमणूक यांसाठी विहारयात्रा करीत. अशोक राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर संबोधीला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. तिच्यात काय घडते, हेही लेख सांगतो : श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना साहाय्य, जनपदातील लोकांची भेट, धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी विचारपूस. या यादीत अंतराचा उल्लेख नाही. प्रत्येक बाब माणसांच्या भेटीची आहे.

हा शब्द पुढे फार दूर गेला. कंबोडियाच्या दीर्घ यादवीनंतर १९९२ मध्ये भदंत महाघोसानंद यांनी निर्वासितांसह थायलंडच्या सीमेपासून नॉम पेन्हपर्यंत पदयात्रा काढली. तिला ‘धम्मयियेत्रा’ असे नाव होते, म्हणजे धम्मयात्राच. सुरुंग पेरलेल्या प्रदेशातून ती गेली. वर्षानुवर्षे दुरावलेले नातेवाईक वाटेवर एकमेकांना भेटले. अशोकाच्या लेखातील जनपदाच्या लोकांची भेट तेथे अक्षरशः घडली.

दिवसाचा क्रम

विनयपिटकातून चारिकेतील दिवसाचे चित्र बऱ्याच तपशिलाने उभे करता येते. चुल्लवग्गात ‘गमिकवत्त’ म्हणजे निघणाऱ्याची कर्तव्ये आणि ‘आगंतुकवत्त’ म्हणजे येणाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत. निघताना भिक्खूने लाकडी व मातीची भांडी जागेवर ठेवावी, दारे-खिडक्या लावाव्या आणि निवासस्थान कोणाच्या तरी स्वाधीन करावे. त्यानंतर वाट, गावात पिंडपात, मध्यान्हापूर्वी भोजन आणि पुन्हा वाट. पुढच्या विहाराजवळ येताच पादत्राणे काढून झटकावी, छत्री उतरवावी, मस्तक उघडे करावे आणि घाई न करता आत शिरावे. मग पिण्याचे पाणी कोणते व वापरण्याचे कोणते, हे विचारून पाय धुवावे. निवासाची जागा कोणती, पिंडपातासाठी कोठे जावे, कोठे जाऊ नये, शौचाची जागा कोठे, संघाचे ठरलेले नियम कोणते, हेही विचारून घ्यावे.

यजमान भिक्खूंसाठी ‘आवासिकवत्त’ स्वतंत्र सांगितले आहे. ज्येष्ठ आगंतुक दिसताच आसन मांडावे, पाय धुण्यासाठी पाणी ठेवावे, सामोरे जाऊन पात्र-चीवर घ्यावे, पाणी हवे का ते विचारावे. म्हणजे विनयाच्या दृष्टीने चारिकेचा दिवस दोन पक्ष मिळून पुरा करतात. चालणारा संयमाने येतो आणि राहणारा तयारीने स्वागत करतो. दुसरा पक्ष नसेल तर पहिल्याची वाटचाल केवळ अंगमेहनत उरते.

या दिवसाला ऋतूचीही मर्यादा होती. पावसाळ्यात फिरणाऱ्या श्रमणांच्या पायाखाली हिरवे गवत आणि लहान जीव तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा वर्षावासाचा नियम झाला आणि तीन महिने चारिका थांबली. आपल्या महाराष्ट्रातील पंढरीची वारी मात्र आषाढीला पोहोचते, म्हणजे वर्षावास सुरू होण्याच्याच सुमारास. परंपरा भिन्न आहेत. पण वारीतही न्याहारी, विसावा आणि मुक्काम यांनीच दिवस बांधला जातो, आणि मुक्कामाचे गाव वारकऱ्यांची वाट पाहत असते. दीर्घ वाटचालीच्या परंपरा मुक्कामाच्या बळावरच टिकतात, हे यावरून दिसते.

लेण्यांची साक्ष

विनयातील ही व्यवस्था साष्टी बेटावरील लेण्यांत दगडात उतरलेली आहे. अंधेरी पूर्वेला कोंडिविटे येथे, ज्यांना आज महाकाली लेणी म्हणतात, १९ लेणी आहेत. तेथील चैत्यगृहात स्तूपासाठी स्वतंत्र गोलाकार दालन असून त्याच्या भिंतीला जाळीच्या खिडक्या आहेत. बोरिवलीच्या डोंगरातील कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास तेथे सुरू झालेला वावर हजार वर्षे तरी टिकला. ९० क्रमांकाच्या लेण्यातील पहलवी लेखांत इ. स. १००९ आणि १०२१ ही वर्षे आहेत. तेव्हाही दूरचे लोक तेथे येतच होते.

कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांतील दाते सोपारा, कल्याण, नाशिक, चौल अशा ठिकाणचे आहेत. म्हणजे बंदर आणि घाट यांना जोडणाऱ्या वाटांवरचे हे लोक होते. त्यांनी दिलेल्या वस्तू पाहाव्या : लेणे, पाण्याचे टाके (‘पाणियपोढि’), बसण्याचे बाक (‘आसनपेढिका’), चंक्रमणाची जागा. कल्याणच्या एका सोनाराने टाके दिले आहे. एका लेखात मंगलठाण गावातील शेत दिल्याचा उल्लेख आहे. हे मंगलठाण म्हणजे आजचे मागाठाणे. चालून आलेल्या माणसाला पाणी, टेकायला जागा, रात्रीचा निवारा आणि त्या सर्वांचा खर्च चालावा म्हणून शेताचे उत्पन्न, अशी ही दूरदृष्टीची योजना होती. असे दान अनेकदा ‘चातुद्दिस’ म्हणजे चारही दिशांच्या संघाला दिले जाई. जो भिक्खू अद्याप आलेला नाही, ज्याचे नावही दात्याला ठाऊक नाही, त्याचा हक्क या शब्दाने राखून ठेवला होता.

कोंडिविटे ते कान्हेरी

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही अभ्यासकांसह कोंडिविट्याहून कान्हेरीपर्यंत चाललो. अंतर सुमारे २० किलोमीटर, म्हणजे दीड योजनाहून थोडे अधिक. लेण्यांपासून निघून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पश्चिम द्रुतगती महामार्गावर आल्यावर वाट सरळ उत्तरेकडे जाते. उजव्या हाताला डोंगर अधूनमधून दिसतो; उरलेली बाजू इमारती, पूल आणि वाहने यांनी व्यापलेली आहे. पाऊलवाट म्हणावी असे काही उरलेले नाही. आवाजामुळे आपसांत बोलणे अवघड होते. बाहियाला मिळालेल्या उपदेशाची कसोटी अशाच ठिकाणी लागते, कारण ऐकलेल्यात केवळ ऐकलेलेच ठेवणे महामार्गावर सोपे नाही.

मालाडजवळच्या एका वस्तीत लहानसा विहार दिसला, म्हणून आम्ही पाणी मागितले. एका वृद्ध उपासिकेने दार उघडले. ‘चालत कशाला आलात? गाड्या बंद आहेत का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. कान्हेरीला निघालो आहोत असे समजताच त्यांनी सतरंजी अंथरली, घरून पाणी आणविले आणि जेवल्याशिवाय निघू दिले नाही. निघण्यापूर्वी सर्वांनी मिळून त्रिसरण-पंचशील घेतले. त्या बाईंना आवासिकवत्त हा शब्द माहीत नव्हता. त्यातील एकही कर्तव्य मात्र त्यांच्याकडून राहिले नाही.

पुढे मागाठाणे लागते. एप्रिल २०२२ पासून तेथे याच नावाचे मेट्रो स्थानक आहे, त्यामुळे हे नाव आता हजारो लोकांच्या तोंडी असते. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली मागाठाण्याची लेणी मात्र वस्तीच्या दाटीत झिजत आहेत. ज्या गावच्या शेताचा कान्हेरीच्या लेखात उल्लेख आहे, त्या गावातून जाताना किती उपासकांना ही आठवण होत असेल?

राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून कान्हेरी सुमारे सात किलोमीटर आत आहे. चौथ्या प्रहरी आम्ही तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहासमोर पोहोचलो. यज्ञश्री सातकर्णीच्या काळचे हे चैत्यगृह, आणि त्याच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धांच्या भव्य उभ्या मूर्ती. तेथे थोडा वेळ शांत बसता आले. मग परतावे लागले, कारण उद्यान सायंकाळी बंद होते. वनाच्या आणि स्मारकाच्या रक्षणासाठी हा नियम योग्यच आहे. परंतु त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली. शेकडो भिक्खूंच्या मुक्कामासाठी खोदलेल्या डोंगरावर आजच्या यात्रिकाला मुक्काम नाही. आम्ही बोरिवलीला येऊन लोकलने आपापल्या घरी गेलो. विनयाच्या अर्थाने तो दिवस अपुराच राहिला.

देहदंड आणि मध्यम मार्ग

दीर्घ पदयात्रेत पायांच्या जखमांचे कौतुक करण्याची प्रवृत्ती दिसते. तिला धम्मात आधार नाही. सोण कोळिविस चंक्रमण करताना पायांतून रक्त येईपर्यंत चालला, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दृष्टांत दिला. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर सूर लागत नाही. त्यानंतर एका तळव्याच्या पादत्राणांना अनुमती मिळाली. पुढे अवंती-दक्षिणापथातील सोण कुटिकण्णाने त्या प्रदेशातील काळी, खरबरीत, गुरांच्या खुरांनी तुडवलेली जमीन निदर्शनास आणली, आणि सीमेवरील जनपदांसाठी अनेक थरांच्या पादत्राणांची सूट देण्यात आली. दक्षिणेच्या खडतर वाटेची दखल विनयाने अशी घेतलेली आहे. स्वतः तथागतांनी ऐंशीव्या वर्षी, पावेहून कुसिनाऱ्याला जाताना, झाडाखाली थांबून संघाटी चौपदरी अंथरायला सांगितली, आपण थकलो आहोत असे म्हटले आणि आनंदाजवळ पाणी मागितले. थकवा मान्य करणे हे चारिकेतील कमीपणाचे लक्षण नाही.

विहारांचे काम

जानेवारी-फेब्रुवारी २०२३ मध्ये थायलंडचे शंभराहून अधिक भिक्खू बुद्धधातूंसह परभणीहून दादरच्या चैत्यभूमीपर्यंत चालत आले. गावोगावी लोक त्यांच्या स्वागताला उभे राहिले. अशा मोठ्या प्रसंगी आपला समाज यजमानाचे कर्तव्य उत्तम निभावतो. प्रश्न चार-सहा जणांच्या लहान गटाचा, एखाद्या एकट्या भिक्खूचा, सुट्टीत चालायला निघालेल्या विद्यार्थ्यांचा आहे.

उपनगरांचा नकाशा यासाठी अनुकूल आहे. रेल्वेमार्गाने मोजल्यास नालासोपारा ते भाईंदर सुमारे १३ किलोमीटर, बोरिवली ते अंधेरी १२, अंधेरी ते दादर सुमारे १२. मध्य मार्गावर मुलुंड ते घाटकोपर सुमारे १२ आणि घाटकोपर ते दादर सुमारे १०. प्रत्येक टप्पा जवळजवळ एका योजनाचा आहे. भाईंदर ते बोरिवली हे नऊ किलोमीटर आणि कान्हेरीची चढण मिळून एक दिवस होतो. मधली खाडी ओलांडण्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली. सोपाऱ्याच्या स्तूपापासून कान्हेरी, मागाठाणे आणि कोंडिविटे पाहत चैत्यभूमीला पोहोचायला चार दिवस पुरतात.

मुलुंडकडून येणाऱ्याच्या वाटेवर घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर तेथे झालेल्या पोलीस गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. सुत्तातील चार स्थळांना ‘संवेजनीय’ हे विशेषण आहे. अनित्यतेच्या आणि दुःखाच्या जाणिवेने मन हलविणारी, असा त्याचा अर्थ. त्या चार स्थळांची बरोबरी येथे करावयाची नाही. परंतु जनपदाच्या लोकांची भेट हे धम्मयात्रेचे अंग असेल, तर या वस्तीत थांबून वडीलधाऱ्यांचे दोन शब्द ऐकल्याशिवाय यात्रिकाने पुढे जाऊ नये.

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील विहार समित्यांनी आपापल्या विहारात चार माणसांच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय ठरवावी : स्वच्छ पाणी, सतरंज्या, शौचालयाची किल्ली कोणाकडे आहे याची माहिती, आणि दार उघडणारे एक जबाबदार माणूस. पुढच्या विहाराचा पत्ता भिंतीवर लिहून ठेवावा. यात्रिकांनी आगाऊ कळवावे, वेळेवर यावे, सकाळी जागा झाडून, सतरंज्या घडी करून, किल्ली परत देऊन निघावे. गमिकवत्त आणि आगंतुकवत्त यांचे पालन म्हणजे एवढेच. कान्हेरीचे टाके देणाऱ्या त्या सोनाराला आपल्या टाक्याचे पाणी कोण पिणार हे ठाऊक नव्हते. आपल्या विहाराचे दारही अशाच अनोळखी माणसासाठी उघडायचे आहे.